पळसाला पानं तीनच? फाल्गुनात एकही नसतं!

मार्च उजाडला की माझ्या फोनवर एकाच प्रकारच्या रील यायला लागतात. विक्रोळीजवळ द्रुतगती महामार्गाच्या कडेला गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, मागे संथ गाणं आणि वर अक्षरं : 'जपानला कशाला जायचं?' ती झाडं टॅबेबुयाची. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली, रस्त्याच्या शोभेसाठी इथे आणून लावलेली. दिसतात छानच. झाडांशी माझं भांडण नाही, त्या वाक्याशी आहे. आपल्या गावात झाड फुललं तरी त्याचं कौतुक करायला आपल्याला आधी जपान आठवतो.

त्याच आठवड्यात दिग्रसकडून मानोऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, पोहरादेवीच्या आसपासच्या टेकड्यांवर, पळस पेटलेला असतो. एकही पान नाही. काळपट वाकड्या फांद्या आणि त्यांवर केशरी-लाल फुलं. मधूनच काटेसावर, मधूनच पांगारा. पायाखाली वाळलेलं गवत आणि सागाची पापडासारखी कडकडणारी पानं. याची रील मला कुणी पाठवत नाही. पाठवली तरी खाली प्रतिक्रिया ठरलेली : 'फुलं भारी आहेत, पण जंगल किती भकास झालंय.'

या 'भकास' शब्दाविरुद्ध मला हा लेख लिहायचा आहे. जंगल म्हणजे हिरवं, दाट आणि ओलं, असा आपण हट्ट धरून बसलोय. हा हट्ट नुसत्या आवडीनिवडीचा असता तर मी गप्प बसले असते. पण त्याच्यावरून नकाशे रंगतात, निधी ठरतो, खड्डे खणले जातात आणि कुणाला हुसकायचं तेही ठरतं.

पानं टाकली म्हणजे मेलं नाही

पोहरादेवी तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. बंजारा समाजाची काशी. जगदंबा देवीचं ठाणं आणि संत सेवालाल महाराजांची समाधी. रामनवमीला इथे महाराष्ट्रातून, तेलंगण-कर्नाटकातून लाखो लोक येतात. माझं आजोळ जवळच्याच एका तांड्यावरचं. मी पुण्यात राहते आणि होळीला जमेल तेव्हा तिकडे जाते.

एकदा पुण्याची मैत्रीण सोबत होती. टेकडी बघून तिने मामांना विचारलं, "इथे वणवा लागला होता का हो?" मामा घरात गोरबोली बोलतात, पाहुण्यांशी वऱ्हाडी. ते म्हणाले, "नाई वो पोरी. पानं टाकले त्यानं. आता एवढ्या पानाले पानी कुठून आणन थे?"

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हेच दोन पानं खर्चून सांगतात. पानझडी जंगलात पावसाचे चार महिने सोडले तर झाडाला साठ्यावर जगायचं असतं. पानातून पाणी उडून जातं, म्हणून पान टाकायचं. आणि पान नसताना फूल काढण्यात फायदा असतो. रंग लांबून दिसतो, पाखराच्या आड काही येत नाही. पळसाच्या फुलात मध असतो तोही अशा दिवसांत, जेव्हा रानात दुसरं फारसं काही नसतं. शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, खारी सगळे त्या झाडावर तुटून पडतात. मग चपट्या शेंगा धरतात, टोकाला एकेक बी. मे-जूनच्या झळांत त्या सुटतात, वाऱ्यावर लांब जातात आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर जमिनीला लागतात. झाडाचं वर्षभराचं वेळापत्रक इतकं नेमकं बसलेलं आहे, आणि आपण त्याच्या सर्वांत कामाच्या महिन्याला 'भकास' म्हणतो.

पळस ओसरतो तसा मोह लागतो. मांसल, गोडसर फुलं पहाटेपर्यंत टपटप गळून झाडाखाली सडा पडतो. वटवाघळं रात्री येऊन गेलेली असतात. खालचा सडा हरणं खातात, अस्वलाला मिळाला तर अस्वल खातं, माणसं टोपलीत वेचतात. चैत्रात या जंगलाचं ताट वाढलेलं असतं. नेमकं तेव्हाच आपण 'सीझन संपला' म्हणून महाबळेश्वरचं बुकिंग करतो.

'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' असं आपण म्हणतो. म्हणजे सगळीकडे तेच. या म्हणीनेही आपल्याला पळस पानांवरूनच ओळखायला शिकवलं. फाल्गुनात त्याला एकही पान नसतं, आणि तेव्हाच तो मैलभरावरून ओळखू येतो.

उपग्रह दिवाळीला बघतो

आता नजर सोडून कागदाकडे येऊ.

देशात जंगल किती, हे भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था दर दोन वर्षांनी सांगते. तिची व्याख्या अशी : एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, जिच्यावर झाडांच्या माथ्यांची सावली १० टक्के किंवा जास्त, ती 'वनाच्छादन'. मालक कोण, झाड कोणतं, लावलेलं की उगवलेलं, याने फरक पडत नाही. आंब्याची बाग, निलगिरीची लागवड, बांबू, सगळं त्यात बसतं. आणि जिथे झाडं विखुरलेली आहेत, मध्ये गवत आहे, सावली दहा टक्क्यांच्या खाली आहे, ती जागा 'झुडपी'. म्हणजे कलमी आंब्याची बाग वनाच्छादनात येते आणि पळस-बोरी-गवताचं माळरान येत नाही.

यासाठी उपग्रहाची चित्रं घेतात ती साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमधली. कारण सरळ आहे : आकाश निरभ्र असतं आणि पानगळीच्या झाडांवर अजून पानं असतात. मोजणाऱ्याच्या सोयीने ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की देशाच्या जंगलाचा अधिकृत फोटो दिवाळीच्या सुमाराला निघतो. फाल्गुनातलं जंगल त्या फोटोत कधीच येत नाही. आपली डोळ्यांची सवय आणि सरकारची मोजपट्टी दोन्ही हिरव्यावरच अडल्या आहेत.

दुसरीकडे, केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन 'पडीक' या सदरात जाते. पडीक म्हटलं की ती कुणाची तरी वाट बघत पडलेली आहे असा अर्थ निघतो. मग ती कारखान्याला द्या, सौर पॅनेलना द्या, रस्त्याला द्या. काही नाही जमलं तर झाडं लावा.

ही शाब्दिक खेळी नाही, याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' नावाचा जमिनीचा वर्ग आहे. ही जमीन जंगल की नुसतं झुडूप, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की झुडपी जंगल हे वनच आहे. ज्या शब्दातच 'जंगल' आहे त्याला जंगल ठरवायला देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टापर्यंत जावं लागलं. वाशिम त्या सहा जिल्ह्यांत नाही.

किती जुनं, हे विचारतंय कोण?

इंग्लंडमध्ये 'प्राचीन वन' असा जमिनीचा वेगळा दर्जा आहे. १६०० सालापासून जिथे सलग वन आहे, ती जागा प्राचीन. त्यांच्या याद्या करायला १९८० च्या दशकात सुरुवात झाली आणि आज अशा जागी बांधकामाची परवानगी अगदी अपवादानेच मिळते. जागा जुनी हे ओळखायचं कसं? जुने नकाशे तर आहेतच, पण एक साक्षीदार फुलांचाही असतो. वसंतात, डोक्यावरची पानं दाट होण्याआधी, जमिनीवर निळ्या घंटांसारख्या फुलांचा गालिचा पसरतो. ही फुलं नव्या लागवडीत सहजी येत नाहीत, म्हणून ती दिसली की जागा जुनी असावी असा कयास करतात. लोक तिकीट काढून, वाट न सोडता, ती फुलं बघायला जातात.

त्यांच्याकडेही वसंताची मजा पान येण्याआधीच्या उजेडातच आहे. फरक इतकाच की त्यांनी त्या उजेडाला वयाचा पुरावा मानलं आणि आपण उजाडपणाचा.

आपल्याकडे जमिनीला तिचं वय विचारायची पद्धतच नाही. विरळ झाडीचं रान दिसलं की आपण गृहीत धरतो : इथे पूर्वी घनदाट अरण्य असणार, माणसाने तोडून ही अवस्था केली. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण सगळीकडे नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी पोथ्या, ओव्या आणि लोककथांतले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. २०२५ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं किमान ७५० वर्षं जुनी आहेत, तोडलेल्या अरण्याची उरलीसुरली शिल्लक नाहीत. आपल्याच भाषेत हा पुरावा पडून होता, फक्त कुणी वाचला नव्हता.

पोहरादेवीच्या बाजूने मला आणखी एक साक्ष मांडायची आहे. माझे पूर्वज लमाण. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. आकडा फुगवलेला धरा, निम्मा करा. तरी पाच हजार बैल संध्याकाळी थांबले की खाणार काय? त्यांना गवत लागतं, ते उघड्या रानातच वाढतं. काळोख्या दाट जंगलातून असा तांडा जाऊच शकत नाही. जिथे झाडाची सावली आहे, झाडांच्या मधे गवत आहे आणि जवळ ओढा आहे, तिथेच तांडा पडायचा. या मुलुखातून तांडे फिरत होते, त्या अर्थी असं रान तेव्हाही होतं. आमच्या समाजाचा इतिहास हाच या विरळ जंगलाच्या वयाचा दाखला आहे. तो कुणी दाखला म्हणून घेत नाही, एवढंच.

खड्डे खणा मोहीम

मी सातवीत असताना आमच्या शाळेने वृक्षारोपण केलं. शाळेचं नाव कशाला, कुठलीही धरा. गावाबाहेरचं गायरान 'मोकळं' होतं. म्हणजे त्यावर गवत होतं, बोरी होत्या, गुडघ्याएवढे पळसाचे फुटवे होते. ते फुटवे आधी साफ केले, मग खड्डे खणले, मग त्यांत गुलमोहर लावले. गुलमोहर मादागास्करचा. बहुतेक रोपं पुढच्या मेपर्यंत वाळली. पळसाचे फुटवे मात्र मुळापासून पुन्हा वर आले, कारण गुरांनी खाल्लं, आग लागली, कुऱ्हाड पडली तरी परत फुटायचं हा पळसाचा जन्माचा धंदा आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. प्रश्न असा की ३३ कोटी खड्ड्यांना जागा कुठली? शेतात नाही, शहरात नाही. जी 'रिकामी' दिसते ती. आणि रिकामी दिसते ती बहुतेक वेळा गवताची, झुडपाची, विरळ झाडीची.

ती रिकामी नसते. पोहरादेवीच्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. काळविटाला मोकळं गवताळ रान लागतं. लांबचं दिसलं पाहिजे आणि धावायला जागा पाहिजे. त्याच्या रानात दाट झाडी लावली तर त्याचं घर मोडलं. लांडगा, तरस, माळढोक, तणमोर या सगळ्यांची हीच कथा. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाने २०१९-२० मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तीन हजार किलोमीटरच्या वर चाल केली आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम केला. तो एवढं अंतर राखीव जंगलातून चालला नाही. तेवढं सलग राखीव जंगल मध्ये नाहीच. तो चालला ओढ्यांच्या झाडीतून, कापसा-तुरीतून आणि आपण ज्यांना पडीक म्हणतो त्या तुकड्यांतून.

तांड्याला कागद मागतात

ज्या जंगलाला वय विचारत नाहीत, त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला मात्र विचारतात. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातीत नाही, विमुक्त जातींत आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. १९३० च्या आसपासचा पुरावा. कोणाकडे? ज्यांचा धंदा रेल्वेने मोडला, ज्यांच्यासारख्या फिरस्त्या समाजांवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला आणि जो १९५२ पर्यंत पुसला गेला नाही, त्यांच्याकडे. नियमांत म्हाताऱ्या माणसांची साक्ष पुरावा म्हणून चालते असं लिहिलंय. टेबलापुढे उभं राहिलं की तरी कागदच मागतात.

आमच्या म्हाताऱ्यांना झाडं पाठ आहेत. गोरबोलीत पळस म्हणजे केसुला. होळीच्या लेंगी गाण्यांत तो येतो, त्याच्या फुलांचा रंग होतो, पानांच्या पत्रावळी होतात, मुळांचा दोर होतो. हे माहीत असलेला माणूस जंगलाचा जुना शेजारी आहे, याहून वेगळा कोणता दाखला हवा?

पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगाऱ्याच्या आकाराची भव्य इमारत आहे. मला तिचा अभिमान आहे. आमच्या घागऱ्यांना, दागिन्यांना, लदेणीच्या बैलांना काचेमागे का होईना जागा मिळाली. पण जी संस्कृती रानातून चालत आली, तिचं रान काचेमागे ठेवता येत नाही. भाविकांसाठी रस्ते, पाणी, निवास हवेतच. त्यांच्या आराखड्यात आसपासच्या टेकड्यांचा पळसही 'वारसा' म्हणून लिहा, एवढंच मागणं आहे. सुशोभीकरण म्हणून त्या जागी पाम लावू नका.

आता तुमचे आक्षेप

'मग झाडं लावूच नयेत का?' लावा की. शहरात, रस्त्याच्या कडेला, बांधावर, जिथे खरोखर जंगल तुटलंय तिथे. लावण्याआधी तिथे आज काय आहे ते एक वर्षभर बघा, एवढीच अट.

'उघड्या रानाचं कौतुक करता, पण रोह्यांनी आमचं सोयाबीन खाल्लं त्याचं काय?' हा आक्षेप पुण्याहून येत नाही, मानोऱ्याहून येतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. रोही आणि रानडुकरं रात्रीत पीक झोपवतात. मामा हिवाळ्यात मचाणावर जागतात. पण रानाचा तुकडा मोडला म्हणून रोही नाहीशी होत नाही, ती शेतात येते. जंगल राखायची किंमत एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने मोजायची आणि फोटो आपण काढायचे, हा व्यवहार चालणार नाही. नुकसानभरपाई वेळेत आणि पूर्ण हवी. आणि जंगलावर गावाचा हक्क हवा, म्हणजे मोह, तेंदू, डिंक यांचं उत्पन्न गावात येईल. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि त्या ग्रामसभेने आपलं जंगल सांभाळून दाखवलं. मानोऱ्यात ते का होऊ नये?

'उन्हाळ्यात ४२ डिग्रीत कोण फिरणार?' फाल्गुनात या. सकाळी सहाला निघा, नऊपर्यंत परता. पाणी सोबत ठेवा. वाळल्या पानांत काडी-सिगारेट नको. फांदी तोडून केसात माळू नका, त्या एका फांदीवर दिवसभरात किती पाखरं येतात ते मोजा. गावातलाच माणूस वाट दाखवायला घ्या आणि त्याला पैसे द्या.

आणि रील जरूर काढा. फक्त वर 'जपानला कशाला जायचं' असं लिहू नका. झाडाचं नाव लिहा. पळस, केसुला, जे तुमच्या घरात म्हणतात ते. गावाचं नाव लिहा, महिना लिहा. फाल्गुनात या टेकडीवर काय होतं याची नोंद दहा वर्षांनी कुणाला तरी लागेल. कुणीतरी नकाशावर बोट ठेवून 'ही जागा रिकामीच आहे' म्हणेल, तेव्हा त्याच्यापुढे धरायला दिवाळीतल्या उपग्रहाखेरीज दुसरा फोटो आपल्याकडे असायला हवा.